चरबी सरांची भिंत

उमरीकर सरांनी माझ्याशी कधी भाव केला नाही. मी सांगेन तो आकडा ते मान हलवून कबूल करत, खिशातून पैसे काढत आणि डब्यात पडणाऱ्या तेलाकडे बघत बसत. मी तेलाचा माणूस. सायकलच्या कॅरिअरला दोन डबे बांधून केळापूरच्या आसपासची सगळी गावं पालथी घातली, तेव्हा कुठे पांढरकवड्याच्या बाजारात माझं दुकान उभं राहिलं. भाव केल्याशिवाय मला जेवण पचत नाही. माझ्याकडे येणारा वकील भाव करतो, पोलीस भाव करतो, मोहाच्या बिया विकायला आणणारी म्हातारी तर असा भाव करते की शेवटी मीच हात जोडतो. भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला संशय येतो. पुढे कळलं की सर कशाचाच भाव करत नव्हते, खऱ्याचाही नाही. तिथेच आमचं बिनसलं आणि ते अजून बिनसलेलंच आहे. सर गेले त्याला बराच काळ झाला. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरतो.

कनिष्ठ महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवायचे. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं चरबी सर. अंगावर छटाकभर चरबी नव्हती. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा खांद्यांवरून लोंबायचा, मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत सरकायचं. नाव पडलं ते त्यांच्या एका धड्यामुळे. बाकीचं पुस्तक ते इतर मास्तरांसारखं शिकवत असतील, पण स्निग्ध पदार्थांचा धडा आला की त्यांच्या अंगात यायचं. आठवडा संपला तरी धडा संपत नसे.

दुकानात यायचे ते झाकणाचा एक छोटा स्टीलचा डबा घेऊन. पावभर जवस, पुढच्या खेपेला पावभर तीळ, मग करडी, मग शेंगदाणा. एकाच तेलाला चिकटून राहणारं गिऱ्हाईक दुकानदाराला बरं. हे दर वेळी पिंप बदलायला लावायचे. तेल घेतलं की माझ्या काउंटरवरच्या रद्दीतला एक तुकडा फाडायचे, त्यावर एक थेंब तेलाचा आणि शेजारी एक थेंब पाण्याचा टाकायचे, आणि कागद उन्हात धरून उभे राहायचे. पाण्याचा डाग वाळून जायचा. तेलाचा तसाच राहायचा, त्यातून पलीकडचा उजेड दिसायचा.

"पाण्याचा डाग वाळतो, रमेशभाऊ. तेलाचा राहतो. ही त्याची पहिली ओळख."

"सर, माह्या दुकानात तेलाची परीक्षा घेऊन राह्यले का तुमी?"

"तेल पास आहे हो. मी मजा बघतो."

एकदा कडाक्याच्या थंडीत वनस्पती तुपाचा डबा दगडासारखा घट्ट झाला होता आणि मी त्यात उलथणं घालून शिव्या देत होतो. शेजारी जवसाचं तेल पाण्यासारखं पातळ. सर म्हणाले, "काहून चिडता? आतला आकार बघा." मग त्यांनी मला तेलाचा आकार सांगितला. तिफण पाहिलीत ना, म्हणाले. वर आडवं लाकूड, खाली तीन फण. तेलाचा प्रत्येक कण म्हणजे एक बारकी तिफण. आडवं लाकूड ते ग्लिसरॉल, खालचे तीन लांब फण म्हणजे स्निग्धाम्लं. सगळ्या तेलातुपात तिफण हीच. फरक फणांत. तुपाचे फण बरेचसे सरळ, जवसाचे जागोजागी वाकलेले.

"शेतात कडबा रचता तेव्हा पेंढ्या कशा घट्ट बसतात? सरळ असतात म्हणून. आणि कापसाच्या पऱ्हाटीचा ढीग?"

"तो पोकळ राह्यते. वाकडीतिकडी असते ना पऱ्हाटी."

"झालं. तूप म्हणजे कडब्याची गंजी. जवस म्हणजे पऱ्हाटीचा ढीग. वाकडे कण एकमेकांना बिलगत नाहीत, म्हणून थंडीतही वाहतात."

हे मला आवडलं होतं. खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवसापासून मी हेच सांगून जवस खपवायला लागलो आणि वर म्हणायचो, आमच्या प्राध्यापकांचं मत आहे.

पण त्याच तोंडाने त्यांनी माझं गिऱ्हाईकही पळवलं. बाजारात तेव्हा नवीन डबे आले होते. वर हृदयाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'कोलेस्टेरॉलमुक्त'. साध्या डब्यापेक्षा महाग. आमच्या गल्लीतले एक वकीलसाहेब, भरघोस मिशीवाले, डॉक्टरने घाबरवलेले, तो डबा घ्यायला आले. मी डबा पुसून काउंटरवर ठेवला. नेमके सर उभे.

"वकीलसाहेब, जास्तीचे पैसे कशाचे देता? कोलेस्टेरॉल झाडात नसल्यातच जमा. ते प्राण्यांचं काम. उद्या मिठावर लिहितील, यात हाडं नाहीत."

वकील माझ्याकडे बघायला लागले. मी सरांकडे.

"आणि त्याला इतकं भिऊ नका," सर थांबेनात. "जास्त झालं तर वाईट, डॉक्टरांचं ऐका. पण शरीर ते स्वतः बनवतं, उगीच नाही बनवत. पित्त त्याचंच, उन्हात कातडीखाली तयार होणारं जीवनसत्त्व त्याचंच. बाईचं बाईपण, पुरुषाचं पुरुषपण ज्या रसांनी येतं, तेही त्यातूनच. कोलेस्टेरॉल नसतं तर ही मिशी आली नसती तुम्हाला."

दुकानातले हमाल हसले. वकीलसाहेबांनी मिशीवर हात फिरवला आणि साधा डबा घेऊन गेले. मी सरांना म्हणालो, "सर, तुमचा पगार सुरू राह्यते. माह्या पोटावर कायले पाय देता?" ते खरोखरच गोंधळले. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं बोलल्याने कुणाचं काही बिघडतं, हे या माणसाच्या ध्यानात कधीच यायचं नाही.

माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ त्यांच्या वर्गात होता. आम्ही त्याला सिदू म्हणायचो. वडील लवकर गेले. मी शिकलो नाही, त्याला शिकवायचं ठरवलं होतं. तो अकरावीला असताना एक दिवस धुळीने भरलेल्या कपड्यांनी घरी आला आणि चुलीपाशी बसलेल्या मायला म्हणाला, "माय, मी आज भिंत झालतो."

सरांनी वर्गाला मैदानात नेलं होतं. पोरांच्या दोन रांगा, पाय एकमेकांकडे करून उताणं झोपवलेल्या. एका रांगेची डोकी पूर्वेला, दुसरीची पश्चिमेला. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला अशी भिंत असते, सर म्हणाले. तिफणीचा एक फण काढायचा, त्या जागी पाणी आवडणारं मुंडकं बसवायचं, की झाला भिंतीचा एक गडी. मुंडकी बाहेर पाण्याकडे, तेलकट पाय आत लपलेले. पोरांना त्यांनी शेजाऱ्याचे हात धरायला लावले होते. कुणीतरी विचारलं, सर, खऱ्या भिंतीत पण हात धरतात का? सर म्हणाले, "नाही रे. तिथे सगळे पाण्याला भिऊन एकत्र उभे असतात. हात मी धरायला लावले, नाहीतर तुम्ही घरी पळाल. हात सुटला की भिंत फुटली."

सिदूने ते सगळं मायला अंगणात झोपून करून दाखवलं. माय पदर तोंडाला लावून हसत होती. "एवढ्यासाठी शाळेत जातं होय रे? लोयाले घरी जागा नाई का?" पण तिने ते नीट पाहिलं होतं. ते मला फार उशिरा कळलं.

त्या दिवसानंतर सर आमच्या घरी येऊ लागले. सिदू त्यांना हुशार वाटायचा. माय त्यांना गुळाचा चहा द्यायची, वाटीत घरचं तूप आणि भाकरी द्यायची. आमच्या वस्तीत येऊन मांडी घालून जेवणारे त्यांच्या गल्लीतले लोक तेव्हा थोडे होते. मायला त्याचं अप्रूप होतं. मला नव्हतं. मी म्हणायचो, जेवला म्हणून उपकार केले काय?

बारावीनंतर सिदूचं शिक्षण सुटलं. मी दुकानात बस म्हणालो तर म्हणाला, "तुह्या हाताखाली नाई बसत दादा. तू दिवसभर बोंबलतं." आणि फवारणीला जाऊ लागला. पाठीवर पंप, दिवसभर कपाशीत. त्या सालांत कापसाला भाव नव्हता, पण अळीला भाव होता. दोन औषधं पुरेनात म्हणून लोक एका पंपात तिसरं मिसळायचे. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणारा हात वर करून मारायचा आणि मारलेलं त्याच्याच तोंडावर उतरायचं. फवारणीची मजुरी निंदणीपेक्षा बरी, म्हणून पोरं जायची.

फवारणीवाल्यांचा आमच्याकडे एक रिवाज होता. सकाळी निघताना उघड्या अंगाला, हातांना, मानेला तेल चोपडायचं. औषध अंगाला लागत नाही, घसरून जातं, असं जो तो दुसऱ्याला सांगायचा. आणि कुणाला औषध लागलंच, चक्कर आली, तोंडाला फेस आला, तर तूप पाजायचं. वर दूध. तुपाने जहर उतरतं. हे आमच्या आजीला माहीत होतं, तिच्या आजीला माहीत होतं. तेव्हा शेतात असलं औषध नव्हतं, एवढाच फरक.

सरांच्या कानावर हे गेलं आणि ते सकाळी मजुरांच्या अड्ड्यावर जाऊन उभे राहिले. मीही तिथे होतो, चहा पीत. हातात काचेची बाटली, अर्धी पाणी, वर तेल. त्यात चिमूटभर हळद टाकली, बाटली हलवली आणि थांबले. पाणी खाली गढूळ राहिलं, वरचं तेल पिवळंजर्द झालं.

"बघा. हळदीला पाणी पसंत नाही, तेल पसंत आहे. तुमच्या पंपातली बरीच औषधं या हळदीच्या जातीची. अंगाला तेल लावता म्हणजे त्यांना सतरंजी अंथरता."

"सर, हळद तं आणली," मागून कुणीतरी ओरडलं, "नवरदेव कोन होय?"

सगळा अड्डा हसला. सरही हसले. मग म्हणाले, "कपाशीच्या पानावर पाणी टाकलं तर काय होतं?"

"घरंगळते."

"का? पानाला मेण असतं. तेही तेलाचंच भावंड. म्हणून औषधात तुम्ही चिकट द्रव मिसळता, तेव्हा ते पानावर पसरतं. जे पानाच्या मेणातून आत उतरतं, ते तुमच्या कातडीच्या तेलातून उतरणार नाही काय? आणि आत गेल्यावर कुठे जाणार? नसांभोवती चरबीचं आवरण आहे, मेंदू बराचसा चरबीचाच आहे. त्याला तिथे माहेर मिळतं."

मग साबण सांगितला. लगेच धुवा, साबणाने धुवा. साबणाचं एक टोक पाण्याचा हात धरतं, एक तेलाचा. "हा आपला रमेशभाऊ आहे," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "दोन्हीकडच्यांना धरून मधे उभा. दलाल." पुन्हा हशा. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. आणि शेवटी म्हणाले, कुणाला लागलं तर तूप नको, दूध नको, तोंडात काहीच नको. कपडे काढा, धुवा, गाडी करा, दवाखान्यात न्या.

सिदू पहिल्या रांगेत होता. त्याने त्या दिवसापासून अंगाला तेल लावलं नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण पुढे वस्तीतले लोक म्हणाले की पोराने ऐकलं नसेल. त्याने ऐकलं होतं.

आता जे सांगायचं ते मी एकाच दमात सांगतो. त्या दिवशी मी बाभुळगावला सरकीचा सौदा करायला गेलो होतो. वाऱ्याची दिशा फिरली की पंपाची नळी गळत होती, कुणाला ठाऊक, सिदू दुपारीच घरी आला. घामाने निथळत, डोळ्यांना नीट दिसेना, तोंडातून लाळ. मायने त्याला सावलीत निजवलं. शिंक्यावरचं तूप उतरवलं, कोमट केलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन पाजलं. मग दूध. शेजारणी जमल्या, सगळ्या म्हणाल्या, उतरेल आता. उतरायची वाट बघण्यात दुपार गेली. कुणीतरी मला फोन लावला, कुणीतरी गाडी आणली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, आणि छातीतही काहीतरी उतरलं आहे. पहाट व्हायच्या आत तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली. लोक ओसरीत बसले होते. सर आले आणि माझ्या शेजारी चटईवर बसले. माय समोर भिंतीला टेकून होती. इतका वेळ ती रडलीही नव्हती, तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तिने सरांकडे पाहिलं.

"सर, तुमी शिकवेले मानूस. मले सांगा. मी घरचं तूप पाजलं. निंगता निंगता दूध देल्लं. काई कमी केलं नाई. मंग माहा सिदू काहून नाई वाचला?"

बैलबाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. बोलायचं नसतं, दाबलेलं कळायचं असतं. मी चटईवर सरांचा हात धरला आणि दाबला. कळायला हवं होतं. कळलंही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात सोडवून घेतला.

"माय," ते म्हणाले, "तूप द्यायला नको होतं."

मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं. औषध तेलकट गोष्टीत विरघळतं, पोटात काही गेलं असेल तर तूप त्याला आत घेऊन जातं. धड शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात घातलेलं छातीत उतरू शकतं. आणि वेळ जातो.

माय रडली नाही. तिने विचारलं, "हे तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग मले काहून नाई सांगतलं? तुमी माह्या चुलीपाशी बसून जेवलेत."

एवढा बोलणारा माणूस. अड्ड्यावर सांगितलं, वर्गात सांगितलं, माझ्या दुकानात तेलातुपाची पुराणं सांगितली. पण तूप ज्या शिंक्यावर होतं त्या शिंक्याखाली बसून भाकरी खाल्ली आणि तिथे नाही सांगितलं. चुलीपाशी सांगायचं त्यांना सुचलंच नाही. आणि जे आधी सांगायचं राहिलं, ते पोरगा गेल्यावर सांगितलं.

मी त्यांना म्हणालो, "उठा." ते उठले. चप्पल शोधताना त्यांना सापडेना, मी ती अंगणात भिरकावली.

त्यानंतर मायने तूप सोडलं. तेलही सोडलं. तेलाच्या दुकानदाराची आई कोरडी भाकरी आणि मीठ खायची. भाजीला फोडणी दिली तर ताट सरकवायची. मी ओरडलो, समजावलं, वस्तीतल्या भंतेंना घरी आणलं. ती त्यांच्याशी शांतपणे बोलली आणि संध्याकाळी पुन्हा कोरडी भाकरी. तिची कातडी सुकून तडकली, टाचांतून रक्त यायचं. मी खोबरेल तेल घेऊन बसलो की पाय आखडून घ्यायची. हे सगळं मी दररोज बघायचो आणि दररोज मला ती ओसरी आठवायची.

पुढच्या फवारणीच्या मोसमात मला एका टेम्पोवाल्याकडून कळलं की माय सरांबरोबर गावोगाव जाते. मी दुकानात असलो की सर येतात, एसटीने दोघं जातात, संध्याकाळी परत. ती तिथल्या बायांना सांगते, मी तूप पाजलं, तुमी पाजू नका. मला वाटलं माझ्या डोक्याची शीर तुटेल. माझ्या आईला या माणसाने वर्गात दाखवायचा नमुना केला. बाटलीतली हळद केलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना दुकानात बोलावून घेतलं. ते डबा घेऊनच आले, सवयीने, आणि मीही सवयीनेच त्यात जवस ओतलं.

"सर, एक विचारतो. सिदू नक्की तुपानंच गेला काय?"

त्यांनी डब्याला झाकण लावलं. मग म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. कातडीतून किती गेलं होतं, श्वासातून किती, कुणालाच माहीत नाही. कदाचित तूप नसतं दिलं तरी…"

"मंग बोलले कायले?" मी काउंटरवर हात आपटला. मापं खाली पडली. "नक्की नव्हतं तं मायले कायले सांगतलं? मी दिवसातून शंभर खोटं बोलतो. तुमाले एक खोटं बोलाले काय भाव पडत होता? 'माय, तुमी केलं थे बरोबर केलं.' एवढंच. एवढ्यात म्हातारी सुखानं जगली असती."

"ती जगली असती, रमेशभाऊ," सर म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी शेजारणीच्या पोराला तिनेच तूप पाजलं असतं. वस्तीत तिचा शब्द मोठा आहे."

उत्तर बरोबर होतं. बरोबर उत्तराने माझं समाधान आजवर कधी झालेलं नाही. मी म्हणालो, "माह्या मायले नेनं बंद करा."

"मी नेत नाही. तीच मला नेते. पहिल्यांदा तीच आली माझ्या घरी. म्हणाली, तुमची बाटली घ्या आन् चला, तुमाले चूल कोठी असते थे दाखोतो."

मी त्यांचा डबा उचलला. त्यात आधीच पाव लिटर जवस ओतलेलं होतं. ते परत पिंपात ओतलं आणि रिकामा डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी मला उलट काहीही विचारलं नाही. अड्ड्यावर तर मीही होतो, घरी तर मीही होतो, असं काही ते विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलंच नाही. ते उत्तर अजून माझ्याजवळ पडून आहे.

घरी मायला मी जे बोललो ते इथे सांगत नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर म्हनतेत, पान्याचा डाग वाळते, तेलाचा राह्यते. तुहा राग तेलाचा हाये बापा. राहू दे. पन मले अडवू नको."

त्यांना शेवटचं पाहिलं ते मुकुटबनकडे. मी सरकीच्या ढेपेची पोती घेऊन टेम्पोने निघालो होतो. रस्त्याकडेच्या एका गावात समाजमंदिराच्या आवारात बाया जमलेल्या दिसल्या आणि त्यांच्यामधे मायचं पांढरं लुगडं. मी टेम्पो थांबवला.

तिने बायांच्या दोन रांगा केल्या होत्या. झोपवल्या नव्हत्या, गुडघे टेकून बसवल्या होत्या. एका रांगेची तोंडं पूर्वेला, दुसरीची पश्चिमेला, पाठी एकमेकींकडे, पाय मागे दुमडून आत. प्रत्येकीने शेजारणीचा हात धरलेला. बाया लाजून हसत होत्या. एका रांगेत एक जागा कमी पडत होती आणि तिथे सर बसले होते. पूर्ण म्हातारे झालेले, दोन बायांच्या मधे, दोन्ही हात दोघींच्या हातांत.

"माहा सिदू शाळेत असाच भिंत झालता," माय सांगत होती. आवाज खणखणीत. "हे डोस्के भायेर पान्याकडे. हे पाय आत, तेलाचे. पानी आलं तं भिंत आडवते. पन हे जहर पान्याचं नोय. हे तेलाच्या घरचं. थे पाव्हन्यावानी आत येते आन् भिंत त्याले वाट देते. म्हनून तेल लावाचं नाई. तूप पाजाचं नाई. मी पाजलं." ती थांबली. "मी पाजलं होतं बाया हो. पाजू नका."

कुणी हसत नव्हतं आता. जहर झालेल्या एका पोरीने हळद लावलेला हात घेऊन रांगेतून पलीकडे जायचं होतं आणि ती सरांच्या खांद्याला धरून, त्यांच्या पांढऱ्या शर्टाला पिवळा डाग लावत, पलीकडे गेली.

मायने मला पाहिलं. "हुभा काहून राह्यला? ये ना. एक मानूस अजून पायजे हाये."

सरांनीही मान वळवून पाहिलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं, ओळख होती. मी टेम्पोत चढलो. दार आपटलं आणि हॉर्न दाबून धरला, गावातली कुत्री भुंकायला लागेपर्यंत. सर माझ्याकडेच बघत होते. त्यांनी हात हलवला नाही. हलवला असता तर भिंत फुटली असती.